कोलशेतचं रामफळ

"आन ही आमची रुजुता," दगडाबाई म्हणाली आणि तिनं रामफळाच्या खोडावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. मंदाकिनीच्या हातात कोकम सरबताचा कागदी पेला होता. तो पडला नाही, सांडलाही नाही. फक्त त्यातलं सरबत तिला एकाएकी फार लाल दिसायला लागलं. घोळक्यात पुढे कुणीतरी हसलं. "झाडाला नाव?" कुणीतरी विचारलं. "मंग? पोरीचं झाड हाय, पोरीचंच नाव असनार," दगडाबाई म्हणाली आणि अळूच्या वाफ्याकडे वळली. तिच्यामागे सगळे वळले. मंदाकिनी जागची हलली नाही. बावीस वर्षांत ते नाव तिनं कुणाच्या तोंडून असं मोठ्यानं ऐकलं नव्हतं. नातेवाइकांनी आधी हलक्या आवाजात घेतलं, मग घेईनासे झाले. घरात तर नाहीच. एखादी खोली बंद करून ठेवावी तसं तिनं आणि प्रभाकरनं ते नाव बंद करून ठेवलं होतं, आणि आता कोलशेतच्या खाडीकाठी एक अनोळखी कोळीण ते झाडाच्या खोडावर थाप मारत उच्चारत होती. ऋजुता काही एकाच मुलीचं नाव नसतं, असं मंदाकिनीनं स्वतःला सांगितलं.

ती येणारच नव्हती. दरवर्षी थंडी ओसरताना डोंबिवलीतल्या बागवेड्या मंडळींची ही बागफेरी निघे; मिनीबस करायची, लोकांच्या घरच्या तीन-चार बागा पाहायच्या, बिया नि फांद्या एकमेकांना द्यायच्या, संध्याकाळी परत. समोरच्या ब्लॉकमधली सुमती त्यात पुढाकार घेणारी. "मंदाताई, दिवाळीपासून तुम्ही भाजी आणण्यापलीकडे घराबाहेर पडलेला नाहीत. निशाबाई रविवारी थांबतेय ना? मग झालं तर," म्हणत तिनं नाव लिहूनच टाकलं होतं. निशाबाई मंदाकिनीच्या नवऱ्याचं, प्रभाकरचं करायला यायची. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात दाढी करताना तो बेसिनशी कोसळला, तेव्हापासून त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला असे आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, अलीकडचं पुसलं जाईल, जुनं कदाचित राहील. राहिलं ते चमत्कारिक होतं. सकाळी तो डबा मागायचा, कामावर जायचं म्हणून. निवृत्त होऊन सतरा वर्षं झालेला माणूस. निशाबाई त्याला रिकामा डबा आणून द्यायची आणि तो तो मांडीवर घेऊन शांत बसायचा. त्या घरातून एक दिवस बाहेर पडायला मिळतंय याचं मंदाकिनीला सकाळी बसमध्ये बसताना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली होती. मानपाड्याजवळच्या एका बंगल्यात त्यांनी गुलाब पाहिले. मग घोडबंदर रोडवर तासभर अडकून एका टॉवरच्या चोविसाव्या मजल्यावर गेले, तिथं बाल्कनीभर पांढऱ्या नळ्यांतून पाण्यावर वाढवलेला पालक होता. "मातीचा कणसुद्धा नाही," घरमालक अभिमानानं म्हणाले. मंदाकिनीला ती बाग आवडली. तिथं कशालाच वास नव्हता.

इथं मात्र सगळ्यालाच वास होता. खाडीचा, वाळत घातलेल्या जवळ्याचा, शेणखताचा, आणि वर कुठेतरी आंब्याच्या मोहराचा. दगडाबाईची नात दक्षता हिनं आजीच्या परसबागेचे व्हिडिओ मोबाइलवर टाकले होते, त्यावरून ग्रुपला हे घर सापडलं होतं. दोन बाजूंना इमारती उठलेल्या आणि मध्ये ही कौलारू घराची चिंचोळी वाडी. रामफळ अगदी कडेला होतं, विटांच्या गुडघाभर उंच ओट्यात. बाकी कुठल्या झाडाला ओटा नव्हता. पानं बरीच गळलेली होती आणि फांद्यांना तांबूस, गुळगुळीत फळं लागलेली होती, माणसाच्या मुठीएवढी. मंदाकिनीनं ती पाहिली आणि नजर काढून घेतली. नववीत असताना ऋजुता रामफळ खाऊन गॅलरीत बिया थुंकत होती. ऊन तिच्या मानेवर पडलं होतं, मानेला टाल्कम पावडरचा पांढरा पट्टा राहिला होता. मेलेल्या गुलाबाची एक कुंडी होती. तिच्यात तिनं बोटानं भोक पाडून एक बी ढकललं आणि म्हणाली, "आई, हे आलं ना तर आपण बाजारातून आणायचं बंद." मंदाकिनी म्हणाली होती, "कुंडीत कुठं रामफळ येतं?" आलं. चार वर्षांत कमरेएवढं झालं. रोज कॉलेजला जाताना ती त्याच्या शेजारी उभी राहून मापून बघायची, आणि प्रभाकर पेपर खाली करून म्हणायचा, "ऋजुता, तू जिंकतेयस." पूर्ण नावानं हाक मारायचा तो तिला. मंदाकिनी नुसतं रुजू म्हणायची. भाद्रपदात तिला ताप आला. सहा दिवस. सहा दिवसांत एकोणीस वर्षं संपली.

त्यानंतरचं एवढंच मंदाकिनीला नीट आठवत होतं: घरात पाहुणे होते, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी ती दोन दिवस झोपून होती, उठून गॅलरीत आली तर कोपरा मोकळा. लादीवर ओलाव्याचा वाटोळा डाग. "झाड कुठाय?" तिनं विचारलं. प्रभाकर दारात उभा होता. "नाही आता," तो म्हणाला. एवढंच. रडला नाही, समजावलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो कामावर हजर झाला. त्या दोन शब्दांच्या आणि त्या वाटोळ्या डागाच्या जोरावर तिनं बावीस वर्षं काढली. तिच्या पोरीची एकच जिवंत वस्तू या माणसानं फेकून दिली होती, कारण त्याला बघवत नव्हती. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या ताटात वाढताना, त्याचे शर्ट वाळत घालताना, रात्री दुसऱ्या खोलीत आपली गादी घालताना ती ते रोज म्हणत आली. तो समोर जेवायला बसला की ती गॅसपाशी काहीतरी काम काढायची. त्यानंही कधी काही विचारलं नाही. गॅलरीत पुन्हा एक तुळससुद्धा लावली गेली नाही. सुमतीसारखे नंतर राहायला आलेले लोक समजत, कर्णिकांना बागेची आवड नाही.

घोळका अळू, आंबेहळद पाहून परत फिरला. दगडाबाई ओट्याच्या कडेवर टेकली. सत्तरीची असेल, अंगानं चिवट. "तुमी समदी डोंबिवलीची ना?" तिनं विचारलं. "तिकडचे कर्णिक साहेब कुनाला ठाव हाईत का? हे झाड त्यांचंच. आमचे मालक नि साहेब एकाच कंपनीत. साहेब स्टोअरला, आमचे मालक गेटवर. दर महिन्याचे पहिल्या शनवारी यायचे. आमचे मालक गेले, दामाजी, तरी यायचे थांबले नाय. आता दिवाळीपासून आले नाय. फोन लावते तं लागत नाय." सुमतीनं मागे वळून पाहिलं. "मंदाताई, तुम्हीपण कर्णिकच ना? तुमचे मिस्टर ठाण्यालाच होते ना कामाला?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. दगडाबाईनंही. "डोंबिवलीत कर्णिक गल्लोगल्ली आहेत," मंदाकिनी म्हणाली, आणि आपला आवाज किती साधा आला याचं तिला नवल वाटलं. सुमती म्हणाली, "तेही खरंच," आणि लोक रामफळाचे फोटो काढायला लागले.

पहिला शनिवार. पत्ते खेळायला जातो, असं तो म्हणायचा की तिनंच ठरवलं होतं? जुन्या कंपनीतल्या लोकांकडे जातो एवढं तो म्हणायचा. कापडी पिशवी घेऊन निघायचा, जाताना ती जड असायची. परत यायचा तेव्हा रिकामी, आत माती लागलेली. ती ती पिशवी उलटी करून गच्चीवर झटकायची आणि मनात म्हणायची, एवढा म्हातारा झाला पण पिशवी कुठं ठेवावी हे कळत नाही. आणि दिवाळीनंतर ड्रॉवरमध्ये वाजणारा त्याचा फोन. दामाजी कोलशेत. तिनं दोनदा नाव वाचलं होतं. कुणीतरी जुना ओळखीचा असेल, आता त्याला काय सांगायचं, कसं सांगायचं, म्हणून तिनं फोन बंद करून कपाटात टाकला होता. आणि फळं. हे तिला आठवलं तेव्हा ती ओट्याला हात लावून उभी राहिली. दरवर्षी फाल्गुनात एखाद्या शनिवारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रामफळं ठेवायचा. धुऊन, पुसून, ताटलीत. काही बोलायचा नाही. थोडा वेळ तिथंच उभा राहायचा. तोवर मंदाकिनी तिथं आलेली असायची, तिनं ते पाहिलेलं असायचं. या घरात रामफळ आणायची त्याची हिंमत कशी होते, बाजारात दिसलं म्हणून आणलं, याला काहीच कसं लागत नाही, असा संताप तिच्या कानशिलात ठोके द्यायचा. तो आत गेला की ती ती फळं धुण्याभांड्याच्या बाईला देऊन टाकायची. एकदा त्याच्या देखत दिली. तेव्हा तो म्हणाला होता, "एक तरी खायचं होतंस." तिनं नळ मोठा सोडला होता.

दक्षतानं सगळ्यांना मागच्या बाजूला, खाडी दिसते तिथं नेलं. सुमती हाक मारून गेली, "या हं मंदाताई, वीस मिनिटांत बस निघतेय." मंदाकिनी थांबली. दगडाबाई सरबताचे पेले गोळा करत होती. तिच्याजवळ जाऊन मंदाकिनी म्हणाली, "मी त्यांची बायको."

दगडाबाईनं पेले खाली ठेवले. मग तिनं विचारलं, "साहेब हाईत ना?"

"आहेत. अर्धांगवायू झाला. बोलता येत नाही फारसं. आठवतही नाही सगळं."

"आई गं," दगडाबाई म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. "बसा तुमी. हितं बसा, साहेब हितंच बसायचे." मंदाकिनी बसली. विटा उन्हानं तापलेल्या होत्या. "आमची जमीन खारी. हितं रामफळ जगायचं नाय, मी बोललेली मालकांना. तं त्यांनी ओटा बांधला न साहेबांनी माती आनली. एकदम नाय, दर खेपेला पिशवीतनं, नर्सरीतनं इकत घेऊन. यवढे वर्सं. पयल्यांदा आनलं तवा तं मेल्यातच जमा होतं. ओल्या पेपरात गुंडाळलेलं, मुळं सगळी उघडी. साहेब गेटवर उभे, न त्यांना बोलता यी ना. मंग बोलले, दामाजी, मुलीचं झाड आहे, वाऱ्यानं कुंडी पडली, तुझ्याकडे जागा आहे, एवढं जगव. तुमची गॅलरी उंचावर ना? लय वारा येत असंल."

मंदाकिनी म्हणाली, "हो. दुसरा मजला."

आणि मग ती थांबली, कारण वारा नव्हता. दुपार होती, पाहुणे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपले होते, पंखा बंद होता आणि गॅलरीतली दोरीवरची धोतरं हलतसुद्धा नव्हती. ती पाणी प्यायला उठली होती. रामफळाला शेंड्याशी नवं पान आलं होतं, कोवळं, तांब्याच्या रंगाचं, अजून पुरतं न उलगडलेलं. परवा नव्हतं ते. म्हणजे ते वाढत होतं. रुजू जाऊन नऊ दिवस झाले होते आणि ते वाढत होतं. पुढच्या वर्षी ते तिच्या खांद्याला लागणार होतं, मग डोक्याला, मग तिच्यावरून जाणार होतं. मंदाकिनीनं दोन्ही हातांनी खोड धरलं. ते सहज आलं नाही. तिनं कुंडी पायानं दाबून धरली आणि ओढलं, तेव्हा आत मुळं तुटत गेल्याचा आवाज झाला, शिवण उसवावी तसा, आणि कुंडी कलंडून फुटली. मग नणंद धावत आली होती. कुणीतरी बेसिनशी तिचे हात धुतले होते, नखांतली माती निघत नव्हती, आणि कुणीतरी जिभेवर गोळी ठेवली होती. प्रभाकर गॅलरीत खाली बसून काहीतरी गोळा करत होता. त्याची पाठ तिला दिसली होती. इतकी वर्षं ती पाठ तिला आठवत होती आणि तो काय करत होता एवढंच आठवत नव्हतं. की आठवत होतं? ती नक्की विसरली होती, की विसरणं सोपं जावं म्हणून रोज त्याच्यावर थोडं थोडं रागावत गेली होती? तिला काही ठरवता येईना.

"वारा नव्हता," ती दगडाबाईला म्हणाली. "मी उपटलं ते."

समोरच्या इमारतीतून कुणीतरी पडदा झटकला. मग दगडाबाई म्हणाली, "माजा धाकटा होडीवर गेला तो परत आला नाय. बारा वर्सांचा होता. मी त्याची शाळेची वह्या-पुस्तकं चुलीत घातली. मालक चार म्हयने माज्याशी बोलले नाय." ती उठली, काठीच्या आकड्यानं एक फांदी वाकवली आणि पिवळट झालेली दोन फळं तोडली. "तुमचे मालक तं बोलले ना तुमच्याशी?"

"बोलले," मंदाकिनी म्हणाली. "मीच नाही."

बसमध्ये सगळ्यांच्या मांडीवर रोपं होती. सुमती तिच्या शेजारी बसून कुठल्या बागेत काय आवडलं ते सांगत होती, आणि मंदाकिनी योग्य त्या जागी हुंकार देत होती. फळं तिनं पदरात धरली होती. पुलावर बस अडकली. उन्हं खाडीवर तिरपी झाली होती. तिला वाटत होतं, आता घरी जाऊन सांगायचं. पायांशी बसायचं आणि म्हणायचं, अहो, मी पाहिलं. मी उपटलं होतं आणि तुम्ही जगवलंत. तो काही बोलू शकणार नाही, पण त्याला कळेल. डोळ्यांत कळेल. नुसतं कळलं तरी चालेल. बावीस वर्षांचं एका संध्याकाळी फिटत नाही हे तिला माहीत होतं. पण ते दोघांच्या मध्ये ठेवलं तर जाईल, एकदा तरी दोघांनी मिळून त्याच्याकडे बघितलं तर जाईल. ती मनात वाक्यं जुळवत राहिली आणि खोडत राहिली. डोंबिवली येईपर्यंत एकच वाक्य उरलं.

निशाबाई सात वाजता गेली. प्रभाकर खिडकीजवळच्या खुर्चीत होता, अंगावर धुतलेला सदरा, केस विंचरलेले. मंदाकिनीनं फळ धुतलं, दोन हातांनी फोडलं. आत दाणेदार, गुलाबी-पांढरा गर होता. एक चमचा तिनं त्याला भरवला. त्यानं डोळे बारीक करून चव घेतली, बी डाव्या हातावर काढून तिच्या हातात दिलं, आणि पुन्हा तोंड उघडलं. त्याला आवडलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो फळाकडे बघत होता. "कोलशेतला गेले होते मी," ती म्हणाली. "दगडाबाई भेटली. दामाजींची दगडाबाई." त्यानं तोंड उघडलं. तिनं आणखी एक चमचा दिला. "अहो, झाड मोठं झालंय. फळं लागलीयत. तुम्ही माती न्यायचात ना?" तो चघळत होता. कपाळावर आठी नव्हती, डोळ्यांत काही हललं नाही. कोलशेत तिथं नव्हतं. ओटा नव्हता, पिशवी नव्हती, ते शनिवार नव्हते. तिनं त्याचा निर्जीव हात उचलून आपल्या हातात घेतला. "मी उपटलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून तुम्ही..." त्याला तिच्या आवाजातलं रडू तेवढं कळलं असावं. तो गोंधळला. त्यानं डाव्या हातानं तिच्या मनगटावर हळूच थोपटलं, बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला धीर द्यावा तसं.

खाली कुणीतरी स्कूटर लावली. जिन्यातल्या दिव्याचं बटण वाजलं. मंदाकिनीनं डोळे पुसले आणि आता दुसरं काहीच उरलं नाही म्हणून ते नाव घेतलं, पूर्ण, त्याच्यासारखं. "ऋजुता," ती म्हणाली.

प्रभाकरनं मान वर केली. कित्येक आठवड्यांत त्यानं अशी झटकन मान वर केली नव्हती. चेहरा उजळला, एक भुवई उचलली गेली. त्यानं तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं आणि तो थांबला, कान देऊन.

"आली?" त्यानं विचारलं.

शब्द स्वच्छ होता. मंदाकिनीनं तोंड उघडलं. तिला दिसलं की इथून पुढं दोनच वाक्यं आहेत, आणि त्यातलं एक बोललं तर त्याला आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा ते कळणार आहे. त्या सहा दिवसांनंतरची ती सकाळ पुन्हा त्याच्या चेहऱ्यावर येईल, आणि उद्या तो विसरेल, आणि परवा पुन्हा विचारेल. तो अजून दाराकडेच बघत होता. घड्याळ बघायला मान वळवली, घड्याळ नीट कळलं नाही, परत दाराकडे.

"नाही अजून," ती म्हणाली. "उशीर होईल म्हणाली आज. प्रॅक्टिकल आहे."

त्यानं मान डोलावली. जरा नाराज होऊन, पण मान्य असल्यासारखी. "झाकून ठेव," तो म्हणाला. "जेवण."

"हो."

मंदाकिनी उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं फळीवरून स्टीलचं ताट काढलं. दोन पोळ्या घातल्या, बटाट्याची भाजी वाढली, कडेला लिंबाचं लोणचं. मग थोडा वेळ तिथंच उभी राहून तिनं आणखी एक पोळी घातली, कारण प्रॅक्टिकलच्या दिवशी तिला भूक फार लागायची. वर दुसरं ताट पालथं घातलं आणि ते टेबलावर नेऊन ठेवलं, बाहेरच्या खोलीतून त्याला दिसेल असं.